दोन कोंबड्या आणि बादूचा पाय

बादूचं पत्र अंत्वीच्या दप्तरात तीन महिने पडून होतं. "मी सगळ्या गावाला सांगायला नको होतं," असं बादूने त्यात लिहिलं होतं. "रागावलास का? सुट्टीत ये." गेल्या सुट्टीत बकरा कापताना रक्त पाहून अंत्वीला भोवळ आली होती आणि त्याच्या या मावसभावाने ती गंमत घरोघर पोचवली होती. अंत्वीने चारदा उत्तर लिहायला घेतलं. दर वेळी पहिलीच ओळ त्याला चुकीची वाटली आणि कागद फाटला.

आता सुट्टी लागली आणि तो उत्तराशिवायच कुमासी शहरातून लॉरीने मावशीच्या गावी उतरला. बादूशी पहिलं वाक्य काय बोलायचं, याची त्याने वाटभर तालीम केली होती. ती वाया गेली.

बादू ओसरीत चटईवर आडवा होता. त्याच्या उजव्या पायाला गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या आणि त्यांवर दोरीच्या गच्च गाठी होत्या. शेजारी टोपलीखाली एक तांबडी कोंबडी बसली होती. तिच्याही पायाला तशाच कामट्या होत्या, काडीएवढ्या.

"काल संध्याकाळी आंब्यावरून पडला," बादूची मोठी बहीण सेर्वा म्हणाली. "गावचे हाडवैद्य नाना दुआंनी हाड बसवलं. मग कोंबडीचा पाय मोडून तोही बांधला. ती चालायला लागली की याच्या गाठी सोडायच्या. तोवर कोणी हात लावायचा नाही."

"तू लांबच बस," बादू म्हणाला. "रक्तबिक्त दिसलं तर तुझ्यासाठी दुसरी चटई आणावी लागेल." पण त्याचा आवाज चिरका झाला होता आणि चेहरा राखेसारखा.

"दुखतंय?" अंत्वीने विचारलं.

"रात्रभर जीव जात होता. सकाळी नानांना दोरी ढिली वाटली. त्यांनी ती आणखी आवळली आणि ते मयताला गेले. तेव्हा मी ओरडलो. आता काहीच नाही. पाय आहे की नाही, तेही कळत नाही."

"औषध लागू पडलं," अंगणात फुफूसाठी उकडलेले कंद कांडता कांडता मावशी समाधानाने म्हणाली.

अंत्वीला समाधान वाटेना. गावाच्या दुसऱ्या टोकाला मयताचे ढोल वाजत होते. त्याने बादूच्या उजव्या पायाच्या बोटांना हात लावला. अंगणात पाय भाजत होते आणि ही बोटं माठाखालच्या दगडासारखी गार होती.

त्याने डाव्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. ते पांढरं झालं आणि लगेच पुन्हा गुलाबी झालं. मग उजव्याचं दाबलं. तेही पांढरं झालं. अंत्वी वाट पाहत राहिला. ते पांढरंच राहिलं.

परीक्षेत त्याने रक्ताभिसरणाच्या आकृतीतले बाण उलटे काढले होते. म्हणून आता त्याने सगळं मनात तीनदा फिरवून पाहिलं. हृदय रक्त ढकलतं. ते धमन्यांतून बोटांच्या टोकापर्यंत येतं आणि शिरांतून परत जातं. पाय सुजला, पण दोरी काही सैल होत नाही. शिरांच्या भिंती मऊ, त्या आधी दबतात. मग रक्त आत येत राहतं आणि बाहेर पडत नाही. सूज आणखी वाढते. शेवटी धमनीही दबते, आणि मग काहीच येत नाही.

त्याने सेर्वाला बाजूला घेतलं. "त्याचा पाय मरतोय. म्हणजे, मला वाटतं. मी चुकतही असेन."

"चुकतोयस की नाही, ते नीट सांग."

अंत्वीने परत जाऊन बादूच्या दोन्ही घोट्यांमागे बोट ठेवलं. डावीकडे नाडीचा ठोका लागत होता. उजवीकडे नव्हता.

"नाही चुकत," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत थांबलो तर पाय कापावा लागेल."

मावशीचं मुसळ थांबलं. "गाठीला हात लावशील तर बघ. तुझ्या मामाने तिसऱ्या दिवशी सोडल्या. अजून लंगडतोय. आणि एकदा सोडल्या की नाना परत हात लावत नाहीत."

"मग नानांनाच बोलावू."

"मयतावरून? तुझ्या शाळेच्या पुस्तकासाठी?"

सेर्वा टोपलीकडे पाहत होती. "कोंबडी चालली तर येतील," ती हळूच म्हणाली.

"मोडक्या पायाने ती कशी चालेल?"

"ही नाही. हिची बहीण."

मावशीची नजर चुकवून दोघांनी टोपलीखालची कोंबडी घरामागे नेली आणि तिथली दुसरी तांबडी कोंबडी पकडली. तिच्या धडधाकट पायाला कामट्यांचे तुकडे बांधताना अंत्वी प्रत्येक गाठ सोडून पुन्हा बांधत होता.

"आणखी हळू," सेर्वा म्हणाली. "तोवर माझ्या भावाला लाकडी पाय बसेल."

मग कोंबडी चालली, हे नानांना सांगायला ती धावत सुटली. थोड्याच वेळात मयताचं काळं वस्त्र पांघरलेले नाना दुआ आले. मागोमाग मयताला जमलेली निम्मी माणसं आली. कोंबडी अंगणात ऐटीत दाणे टिपत होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

नानांनी मात्र कोंबडी उचलली आणि तिच्या पायावरून अंगठा फिरवला. "मी मोडलेलं हाड मला कळतं. हे कधी मोडलेलंच नाही. हा कोणाचा उद्योग?"

टाळ्या थांबल्या. सेर्वा तोंड उघडणार, तोच अंत्वी पुढे झाला. "माझा, नाना. तुमची कोंबडी घरामागे आहे, मी आणतो. तिचा पाय धरून बघा. मग बादूचा बघा. मग माझं काय हवं ते करा."

नानांनी हातातली कोंबडी खाली सोडली. मग ते गुडघ्यांवर बसले. अंत्वीने आणलेल्या कोंबडीचा ऊबदार पंजा त्यांनी मुठीत धरला. नंतर बादूची बोटं धरली. मग हात बदलून पुन्हा धरली.

"नख दाबा," अंत्वी म्हणाला.

त्यांनी दाबलं. सारं अंगण त्या एका नखाकडे बघत होतं. ते पांढरं राहिलं.

"सुरी," नाना म्हणाले.

गाठी तटातट तुटल्या. काहीच झालं नाही. अंत्वी मनात आकडे मोजू लागला. दोनशेच्या पुढे गेल्यावर बादूने अशी किंकाळी फोडली की मावशीने कानांवर हात ठेवले.

"ओरडू दे त्याला," अंत्वी म्हणाला. दोरीने कापलेल्या जागी लाल थेंब जमू लागले होते. त्याचं डोकं गरगरलं. तो खांबाला टेकून बसला, पण नजर त्याने हटवली नाही. "येतंय," तो पुटपुटला. "रक्त येतंय."

नानांनी कामट्या नुसत्या आधारापुरत्या सैल लावल्या. "आता इस्पितळ," ते म्हणाले. "मी बरोबर येतो. मी काय केलं, ते डॉक्टरांना मीच सांगेन."

लॉरीत चढण्याआधी ते जमलेल्या माणसांकडे वळले. "चाळीस वर्षं मी हाडं बघत आलो. बोटं बघायला या पोराने लावलं. यापुढे माझ्या प्रत्येक रोग्याचं नख दाबून बघायचं, आणि ते पांढरं राहिलं तर कोंबडीची वाट बघायची नाही."

त्या रात्री मावशीने रश्शातला मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा अंत्वीच्या वाडग्यात टाकला.

पाचव्या दिवशी, बादूजवळ राहिलेली सेर्वा इस्पितळातून परतली. "पाय राहिला," ती म्हणाली. "करंगळी अजून बधिर आहे. पण डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर..."

अंत्वीने कागद घेतला. "बादू, रागावलो होतो. आता नाही. मी आलो, तेव्हा हेच सांगायचं होतं. करंगळी हलली की कळव." पहिली ओळ त्याला याही वेळी चुकीचीच वाटली. त्याने कागद फाडला नाही. दोन मैल चालून तो टपालपेटीपाशी गेला, पत्र आत सोडलं, आणि ते खरंच खाली पडलं का, हे बोटं आत घालून चाचपून पाहिलं.