दोनच हाका

प्रशांत आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि वामन ओसरीत बसून लेकीच्या, भूमिकाच्या, सायकलची चेन पुसत होता. एप्रिलचं ऊन. लोधीपुऱ्याच्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लांब कुठे पॉवरलूम खटखटत होते, तेही लाइट गेली तसे एकदम गप्प झाले. वरचा पंखा थांबला.

तीन वर्षांत प्रशांतने या घराची पायरी चढली नव्हती.

"नमस्कार, काका. रूट पक्का करायचा होता. भूमिकानेच बोलावलं."

वामनने मान वर केली नाही. चेनवरची चिंधी मात्र जोरात फिरू लागली.

भूमिकाने जमिनीवर वही उघडली. तिच्या मोठ्या भावाची, विपुलची. इटलीच्या खाली समुद्रात एक डोंगराळ बेट आहे, तिथे एका दिवसात दीडशे किलोमीटर आणि पाच चढ सायकलने मारायचे, असा बेत त्या पोराने आखला होता. लाल पेन्सिलीने एकेक चढ काढलेला. खाली टिपणं: 'चौथा चढ, अकरा किलोमीटर. सावली नाही. पाणी फक्त वर, चर्चपाशी.'

विपुल त्या बेटावर पोहोचलाच नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच तयारीसाठी आपल्या मित्राबरोबर, या प्रशांतबरोबर, डोईफोडिया गावापुढचा चढ चढताना तो भर उन्हात पडला. संध्याकाळी बकऱ्या वळणाऱ्याला सापडला, तेव्हा जीव गेलेला होता. आता त्याच्या जागी भूमिका जायचं म्हणत होती.

"चौथ्या चढाला पुढे कोण?" वामनने हळूच विचारलं.

"मी, काका. भूमिका माझ्या मागे. टेन्शन नका घेऊ."

"मागे." वामनने चिंधी खाली ठेवली. "माझं एक लेकरू तुझ्या मागेच होतं. ते अजून यायचंय."

"बाबा, नका ना..."

"तू गप! याला विचार, पाण्याच्या बाटल्या पाठीवर घेऊन हा वर जाऊन बसला होता की नाही? अन् आता बेट पाहिजे! इथला डोंगर पुरला नाही याला!"

प्रशांतने वही मिटली.

"मी सगळ्यांना खोटं सांगितलं, काका. मला काही ऐकू आलं नाही म्हणालो. विपुलने हाक मारली होती... दोनदा."

वामन उठला. हवा भरायचा लोखंडी पंप केव्हा हातात आला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"ऐकलंस? अन् वळला नाहीस?"

"तिसरीची वाट बघत होतो." प्रशांत म्हणाला. "तुम्हीच शिकवलं होतं. आम्ही लहान होतो, याच ओसरीत. रानात पाठीमागून हाक आली तर तिसरीशिवाय ओ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारतं आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं. तिसरी आलीच नाही, काका..."

पंप तसाच वर राहिला. पोरं रानातून सुखरूप परत यावीत म्हणून मायेनेच सांगितलं होतं ते. राग आता जाणार कुठे? तो उलटा फिरला आणि वामनच्याच छातीवर येऊन बसला.

तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"भूमे..."

घसा सुकलेला, दम तुटलेला आवाज. तिला भूमे म्हणणारा एकच माणूस होता. वितळलेल्या डांबराचा वास ओसरीत शिरला.

भूमिकाचे ओठ उघडले. वामनने वंगणाने काळा झालेला पंजा तिच्या तोंडावर दाबला.

"भूमे... ए..."

दोन झाल्या. तिसरी येणार नव्हती, हे वामनला ठाऊक होतं. त्या चढावर तिसऱ्या हाकेपुरता दम कुणाच्या छातीत उरतो? पोरीने ओ दिली तर ती जाईल. कुणीच नाही दिली, तर ते लेकरू पुन्हा रस्त्यावर पडून राहील.

"ओ!" वामन दाराकडे तोंड करून ओरडला. इतका संताप त्याच्या आवाजात आयुष्यात कधी आला नव्हता. "ओ रे विपुल! ये रे बाबा! आहे मी!"

गल्ली रिकामीच होती, उन्हाने पांढरी पडलेली. मग कुणी थकलेला माणूस सायकल हातात धरून आणतो तशी चाकाची टिकटिक ऐकू आली. हळूहळू जवळ आली. पायरीशी थांबली.

आत स्वयंपाकघरात माठावरचं झाकण सरकलं.

कुणीतरी पाणी पीत होतं. घटाघट, मध्ये श्वाससुद्धा न घेता, किती तरी वेळ. तिघांपैकी एकानेही आत पाहिलं नाही. प्रशांत गुडघ्यांत तोंड घालून हुंदके देत होता. वामनने पंप खाली ठेवला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आवाज थांबला.

"बाबा... मी बेटावर जाऊ, की नको?" भूमिकाने विचारलं.

"जा," वामन म्हणाला. "पण मागून हाक आली तर पहिल्या हाकेलाच ओ द्यायची. तू पण, अन् हा पण. भूत असलं तरी चालेल."

मग तो प्रशांतसाठी पाणी आणायला आत गेला. झाकण जमिनीवर पडलं होतं. माठ मात्र काठोकाठ भरलेला. त्याने तांब्या बुडवला आणि चटका बसून हात मागे घेतला.

पाणी कढत होतं.