चंद्रभागाबाईंच्या फायलीतलं हृदय

"मॅडम, तुमच्या कागदावर माझ्या आईचं हृदय चांगलं हाय. मग तिचं तोंड वाकडं कशानं झालं?"

फोनवर मखमलाबादच्या पुढच्या मळ्यातला गोरक्ष होता. मनीषा गायधनीने त्याच्या आईची, चंद्रभागाबाईंची, फाईल पुढे ओढली.

ती कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायची आणि महिन्यातून एकदा इंदिरानगरातल्या संशोधन केंद्रात नोंदी तपासायला यायची. साठीपुढची दोनशे शेतकरी माणसं. दरवर्षी त्यांच्या मळ्यांवर शिबिरं घेऊन रक्तवाहिन्यांची तपासणी, ईसीजी आणि स्मरणशक्तीची चाचणी. एक नियम कडक होता. ठोके अनियमित दिसले, तर त्या माणसाला त्याच दिवशी अभ्यासातून काढून हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवायचं. अशा हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते.

चंद्रभागाबाईंची गुठळी मंगळवारी मेंदूत गेली होती.

मनीषाने फाईल उघडली. स्मरणचाचणी, मागच्या वर्षी तीसपैकी सव्वीस, यंदा एकोणीस. ईसीजीची पट्टी मात्र निर्दोष. ठोके एकसारखे, मिनिटाला बावन्न.

"दीपमालाने भलत्याच माणसाची पट्टी लावली असणार," डॉ. शेखर म्हणाला. अभ्यासाचा प्रमुख तोच. सायकलचं हेल्मेट त्याने टेबलावर ठेवलं. रोज पहाटे तो त्र्यंबकपर्यंत जाऊन यायचा. मागच्या फळ्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'दोन वर्षे. अभ्यासातून गळती : शून्य.' "सोमवारपासून तिला येऊ नको म्हणून सांगतोय. मग झालं तुमचं समाधान?"

"नाही," मनीषा म्हणाली.

दीपमाला तंत्रज्ञ होती. ती रडत नव्हती. तिचे ओठ घट्ट मिटले होते.

"चंद्रभागाबाईंची पट्टी तू काढलीस?" मनीषाने विचारलं.

"काढली. पण ती ही नाही."

"कशावरून?"

"त्या दिवशी ठोक्यांना ताळतंत्र नव्हतं. मी सरांना दाखवलं. म्हणाले, बघतो."

"लेखी घेतलंस?"

"सरांकडून लेखी कोण मागतं, मॅडम?"

बहिरू केंद्राची जीप चालवायचा.

"ईसीजीचं मशीन कुठे असतं?" मनीषाने त्याला विचारलं.

"इथंच, कपाटात. किल्ल्या तिघांकडं. सर, दीपमालाताई आन मी."

"तुम्ही कधी ईसीजी काढून घेतलात?"

"माझं हृदय कोन बघतंय? बायकोला इचारा, ती म्हनते नायच."

मनीषाने भिंग काढलं. पट्टीवरची रेघ स्वच्छ नव्हती. तिच्यावर करवतीच्या दातांसारखी बारीक, सारख्या अंतराची थरथर होती. तिने दाते मोजले. सेकंदाला पन्नास. मग ती बहिरूला म्हणाली, "मळ्यात चला."

चंद्रभागाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निपचित. डाव्या हाताने त्या शेवंतीचं एक फूल उचलत, दोऱ्याकडे बघत, पुन्हा खाली ठेवत.

"वर्षापास्नं मोजणीत चुकत होती," गोरक्ष म्हणाला. "शंभराची माळ सांगावी, तर कधी ऐंशी, कधी सव्वाशे. आम्ही लय हसायचो तिला." तो हे बोलताना आईकडे बघत नव्हता.

"शिबिर किती वाजता होतं?"

"अकराला. हितंच."

"तेव्हा लाईट होती?"

"दिवसा?" गोरक्षने तिच्याकडे पाहिलं. "हिकडं सगळ्या मळ्यांत लाईट रात्री धाला येती, तवा मोटर चालू करतो. त्या दिशी ताईंचं मशीन बॅटरीवर होतं. घाम पुसून पुसून पदर भिजला त्यांचा. तुमच्या इंदिरानगरात आसंल दिवसा."

चंद्रभागाबाईंनी मनीषाकडे बघून तोंड उघडलं. नुसता आवाज आला. मनीषाने त्यांचा डावा हात धरला आणि नाडीवर बोटं ठेवली. एक ठोका, लगेच दुसरा, मग मोठी पोकळी, मग तीन घाईघाईने. एवढ्यासाठी मशीनसुद्धा लागत नव्हतं. त्याच जीपने तिने त्यांना इस्पितळात पोचवलं.

शनिवारी दुपारपर्यंत तिने यंदाच्या दोनशे पट्ट्या पाहिल्या. मग तिघांना बोलावलं.

"शिबिरं सगळी मळ्यांतली, सगळी दिवसाची, म्हणजे लाईट नसतानाची," ती म्हणाली. "आसपासच्या तारांत वीज असली, की या जुन्या मशीनच्या रेघेवर तिची थरथर उमटते, सेकंदाला पन्नास. तारा मेलेल्या असल्या तर रेघ स्वच्छ येते. एकशे एकोणनव्वद पट्ट्या स्वच्छ आहेत. अकरांवर थरथर आहे. त्या अकरा पट्ट्या मळ्यांत काढलेल्याच नाहीत. त्या इथे निघाल्या, जिथे दिवसा वीज असते."

"म्हणजे दीपमालाने इथे बसून—" शेखर म्हणाला.

"थांबा. अकरा बायकांच्या नावांवर एकच हृदय आहे. प्रत्येक पट्टीत त्याच जागी तीच खाच. आणि ठोके पन्नासच्या आसपास. साठीपुढच्या अकरा जणींचे नाही, रोज व्यायामाने शरीर दमवणाऱ्या माणसाचे. एकेकाने झोपा."

दीपमालाचे ठोके शहाऐंशी, खाच नाही. बहिरूचे ब्याण्णव, खाच नाही.

"हा पोरखेळ आहे," शेखर म्हणाला.

"दोन मिनिटांचा आहे."

"सर, शर्ट काढा," दीपमाला म्हणाली. पेशंटला सांगायची तशाच आवाजात. "हात सैल सोडा. बोलू नका."

बहिरू दाराला पाठ लावून उभा राहिला. शेखर आडवा झाला. कागद सरकू लागला. एकावन्न. मनीषाने तो चंद्रभागाबाईंच्या पट्टीवर ठेवून खिडकीच्या काचेला लावला. खाचेवर खाच बसली. थरथरसुद्धा तीच.

"खऱ्या पट्ट्या कुठे आहेत?"

तो उठून बसला. "फाडल्या. अकरा जण गळाले असते तर पुढच्या महिन्यात दिल्लीच्या परिषदेत मी काय दाखवणार होतो? वर्षअखेरीला पाठवणारच होतो त्यांना डॉक्टरकडे. सगळ्यांनाच काही झटका येत नाही."

मनीषाने नवी पट्टी दीपमालाकडे दिली.

"रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मिळाल्या असत्या, तर ती बाई आज कदाचित बोलली असती. तुम्हाला तिचे ठोके दिसले होते. तिची आठवण घटलेली दिसली होती. तरी तुम्ही तिच्या नावावर स्वतःचं धडधाकट काळीज लावलंत. आणि दोष हिच्या माथी मारत होतात." ती वळली. "बहिरू, दहा जणी अजून घरी आहेत. ही नावं घ्या. आज संध्याकाळच्या आत सगळ्या इस्पितळात पोचल्या पाहिजेत."

"पोचतील," बहिरू म्हणाला, आणि गेला.

शेखर शर्टाची बटणं लावत होता. वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं.

मनीषाने डस्टर घेऊन फळ्यावरचं शून्य पुसलं. तिथे अकरा लिहिलं.

दीपमालाच्या हातात नवी पट्टी होती. "मॅडम, हिच्यावर नाव कोणाचं लिहू?"

"ज्याची आहे त्याचं," मनीषा म्हणाली. "ठळक लिही."