फ्लॉपीत जागा नाही

शाळेतून आल्या आल्या भिंगरीने दप्तर सोफ्यावर भिरकावलं आणि थेट पुढच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर सुरू केला. आज काहीही झालं तरी तिचा पक्षी कापडावर उतरणारच होता. निळा, कात्रीसारख्या शेपटीचा, टाका न् टाका तिने स्वतः मांडलेला. आता खरं सांगायचं तर पक्षी हे नुसतं निमित्त. तिला आई परत हवी होती.

म्हणजे आई घरातच होती, म्हणा. स्वयंपाक करायची, डबा भरायची, विचारलं तर उत्तर द्यायची. पण ताई गेल्यापासून तिने भरतकामाच्या मशीनवरची चादर काढली नव्हती. नक्षी ताई काढायची, मशीन आई चालवायची, आणि दोघींची दिवसभर अशी टकळी चालायची की भिंगरीला मध्ये बोलायचं तर वर्गातल्यासारखा हात वर करावा लागायचा. आता त्या खोलीत माऊसची टिकटिकसुद्धा आगाऊ वाटत होती. नवी नक्षी आली की आई आपोआप उठेल, असा भिंगरीचा हिशोब होता.

मशीन म्हातारं. त्याला नक्षी फ्लॉपीवरूनच लागायची, तीही कमी जागेच्या. तशा फ्लॉप्या मिळेनाशा झाल्यावर ताईने शक्कल काढली होती: जास्त जागेच्या फ्लॉपीच्या कोपऱ्यातल्या भोकावर चिकटपट्टी लावायची, की मशीन फसतं. खणातल्या बाकीच्या फ्लॉप्यांना बुरशी लागली होती. धड अशी एकच उरली होती. ताईनेच पट्टी लावलेली, पण वर काही न लिहिलेली.

भिंगरीने ती घालून 'सेव्ह' दाबलं. आतून कुरकुर आली. यावर लिहिता येणार नाही, असं कॉम्प्युटरने कळवलं.

तिने फ्लॉपी काढून दुसऱ्या कोपऱ्यातली, लिहिणं अडवणारी खिट्टी पाहिली. बरोबर बसली होती. तरी ती मागेपुढे केली, पत्र्याची झडप सरकवून फुंकर मारली, पुन्हा घातली. आता नवीनच तक्रार: जागा नाही. यादी उघडली, तर यादी कोरी. एकही फाईल नाही, आणि जागाही नाही!

तिने दुरुस्तीवाल्या काकांना फोन लावला.

"लपलेल्या फाईली असतील," काका म्हणाले.

"बघितल्या. नाहीत."

"मग चकती खराब. तपासणी लाव."

"लावली. सगळी चांगली आहे म्हणतंय. काका, मग भरलीय तरी कशाने?"

"माझं डोकं खाऊन भरली असेल. अगं, ते डबडं आता संग्रहालयात द्या!" काका हसले, मग त्यांचा आवाज उतरला. "पूर्ण पुसून टाक. पण ताईची ना ती? आधी आईला विचार."

आई ओट्याशी कांदा चिरत होती.

"आई, ताईची एक कोरी फ्लॉपी आहे. पुसू?"

"कोरी आहे तर विचारतेस काय?"

"तसं नाही, पण..."

सुरी थांबली. "पूस. माणूस जपता आलं नाही, फ्लॉपी कसली जपतेस."

भिंगरी पुढच्या खोलीत परतली. तिने फ्लॉपी पुसली. बराच वेळ हिरवा दिवा लुकलुकत राहिला. मग पक्षी निमूटपणे सेव्ह झाला.

तिने मशीनवरची चादर ओढली, रिंगमध्ये पांढरं कापड ताणलं, फ्लॉपी घातली. सुई थोडी चालली आणि दोरा मागण्यासाठी मशीनने शिट्टी दिली. त्यासरशी आई हात पुसत बाहेर आली.

"असा ओवतात होय गं दोरा? बोट शिवून घेशील. सरक!"

सरक! इतक्या महिन्यांत भिंगरीने इतकं गोड काही ऐकलं नव्हतं. आई बसली. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

पण कापडावर पक्षी नव्हता. राखाडी दोऱ्याने खिडकी उमटली, मग दोऱ्यांचं कपाट, मग मशीन. हीच खोली. मशीनपुढे आई, पाठमोरी, कोपरावर ठिगळ लावलेल्या स्वेटरमध्ये. तो स्वेटर तिने आज सकाळी घातला होता. ठिगळही काल रात्रीचं.

"हे तू काढलंस?" आईने विचारलं.

"नाही गं. माझा तर पक्षी होता."

आईने टाक्यांवरून अंगठा फिरवला. "जाड कडेला दुहेरी टाका," ती पुटपुटली. "तिचीच पद्धत." आणि ती रडू लागली. भिंगरीही रडली. आपण आईच्या खांद्याशीच उभ्या आहोत, पण चित्रात नाही, हे तिच्या लक्षात आलं, पण त्या वेळी ते कुणाला सांगायचं?

तिने पक्षी पुन्हा सेव्ह केला. या वेळी कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही.

पुन्हा खोलीच उमटली. आता आईचा चेहरा बाजूने दिसत होता, गालावर ओघळ. जो कोणी बघून हे काढत होता, तो दारातून आत आला होता.

"हिरवा दे," आईने हात मागे केला. भिंगरीने रीळ तळहातावर ठेवलं. बोटं मिटली नाहीत. रीळ घरंगळलं. "दे ना गं," आई पुन्हा म्हणाली.

"दिला की!"

आईने वाकून रीळ स्वतःच उचललं.

भिंगरीने झटकन फ्लॉपी बाहेर ओढली.

मशीन थांबलं नाही.

सुई आईच्या शेजारी आली. तिथे आधी एक स्टूल उमटलं. मग स्टुलावर गुडघे. मग मोकळे केस, एक एक टाका, सावकाश.

"आई, बंद कर. आई!"

आई हसत होती. किती दिवसांनी. मग तिने मान वळवली. तिची नजर भिंगरीवरून सरळ दारापर्यंत गेली.

"भिंगरे! अगं, कुठं उलथलीस? ये, बघ कोण आलंय!"

"मी इथंच आहे, आई." तिने आईचा दंड धरला. स्वेटरची लोकरसुद्धा दबली नाही.

आई थोडा वेळ दाराकडे बघत राहिली. "उंडारत असेल कुठेतरी. येईल," ती म्हणाली, आणि शेजारचं रिकामं स्टूल पायाने जवळ ओढलं. "तू बस."

स्टुलावरची उशी हळूच खाली दबली.