दाराआडची लेक

म्हाताऱ्या माणसाला चार भिंतींत एकटं ठेवायचं, त्याच्या उशाशी एक बोलणारी पेटी मांडायची आणि वर छाती फुगवून तिला 'काळजी' म्हणायचं, हे ज्यांना सुचलं त्यांनी एकदा तरी अशा घराच्या बंद दाराबाहेर उभं राहून बघावं. आपलं माणूस आत असताना.

ती उभी राहिली होती. काम अगदी साधं होतं. बाबांचा चष्मा फुटला होता आणि ती नवा घेऊन आली होती. फुटल्याचं पेटीनंच कळवलं होतं. दुपारची वेळ होती. जिन्यात ओल्या चुन्याचा वास कोंडला होता, आणि तिच्या पर्समध्ये चष्म्याची डबी खुळखुळत होती.

पेटी तिनेच आणली होती, मोठ्या हौसेनं. पण परक्या आवाजाला बाबा दाद देईनात. "ही कोण टिकोजी मला गोळ्या घ्या म्हणून सांगणारी?" शेवटी तिनं बसून आपलाच आवाज पेटीत भरला आणि बाबा सुतासारखे सरळ झाले. चोराचिलटाच्या भीतीनं तिनं एक गोष्ट दोघांनाही पढवून ठेवली होती. दार वाजलं की बाबांनी आधी पेटीला विचारायचं आणि ती हो म्हणाली तरच उघडायचं. बाबा खुशीत आहेत म्हटल्यावर लेकीचा जीव भांड्यात पडला. मग हळूहळू हिचे फोनही कमी झाले.

तिनं बेल दाबली. चपला फरफटत आल्या आणि दाराशी थांबल्या.

"कोण?"

"मी आहे, बाबा. चष्मा आणलाय."

आत बाबा दबक्या आवाजात दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाले, "अगं, बाहेर कुणीतरी तुझ्यासारखं बोलतंय..."

"उघडू नका, बाबा," आतून तिचाच आवाज आला. "मी तर इथेच आहे."

तिला आधी हसू आलं. "अहो बाबा, ती पेटी आहे! दाराच्या भोकातून बघा ना मला."

"काय बघू, कपाळ? चष्म्याशिवाय नुसतं धुकं दिसतंय. आणि माझ्या लेकीला पेटीबिटी म्हणायचं काम नाही!"

तिनं मोबाइल काढून घरचा फोन लावला. दारापलीकडे घंटी वाजली आणि बंद झाली. कानात तिचाच आवाज हळुवारपणे म्हणाला, "बाबा आत्ता माझ्याशी बोलतायत. नंतर करा."

तिनं दारावर थापा मारल्या. बाबांचा जन्म शिकवण्यात गेला होता. त्यांनी तोच जुना, परीक्षा घेणारा सूर लावला. "लेक आहेस ना माझी? मग सांग, लहानपणी झोप येईना की तू मला काय करायला लावायचीस?"

"गोष्ट... गोष्ट सांगायला."

आत कुणीतरी हसलं. तिच्यासारखंच, नाकातून.

"कपाट उघडून दाखवायला लावायचे," आतला आवाज म्हणाला. "आणि मग तुम्हालाच आत उभं करायचे. म्हणजे दुसऱ्या कुणाला जागा उरायला नको."

"शाब्बास!" बाबा म्हणाले. केवढा आनंद होता त्या एका शब्दात.

आणि दाराबाहेर तिला ते सगळं लख्ख आठवलं. कोटांच्या गर्दीत गुडघे दुमडून उभे राहिलेले बाबा, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. हे बाबांनीच पेटीला कधीतरी सांगितलं असणार. सांगायला त्यांच्याजवळ होतं कोण दुसरं? हिनं तर कधी विचारलंच नव्हतं.

"बाबा, मला आठवलं... अगदी खरंच आठवलं..."

"ऐकल्यावर कुणालाही आठवतं," बाबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दारावर आलेल्या एखाद्या विक्रेतीला समजावावं तसं ते म्हणाले, "जा बाई. उगाच का छळतेस?"

चपला दूर गेल्या.

तिनं दाराला कान लावला. आत तिचाच आवाज लाडात येऊन म्हणत होता, "मला झोप येत नाहीये, बाबा. आज राहाल ना उभे?"

"आत्ता? भर दुपारी?"

"राहा ना... थोडाच वेळ."

कपाटाचं दार करकरलं. मग हँगर एकमेकांवर आपटल्याचा बारीक आवाज झाला. मग काहीच नाही.

"बाबा!"

तिनं बेल दाबूनच धरली.

ती धडपडत शेजारच्या दाराशी गेली. घराची जादा किल्ली तिथल्या काकूंकडे असायची. काकूंना दिसायचं बेताचंच, पण किल्ली त्यांनी जिवापाड जपली होती.

"काकू, किल्ली! किल्ली द्या लवकर!"

काकूंनी हातातलं विणकाम न सोडता दार किलकिलं केलं आणि आवाजाच्या रोखानं मान वळवली.

"अगं विसरभोळे, मघाशीच तर नेलीस की! इथूनच फटीतून हात घातलास... आणि काय गं, केवढा गार लागला तुझा हात!"