जास्तीची हवा

दिवा मोठा नका करू, डोळे थकलेत. असाच राहू दे, सांगतो.

सांडपाण्याचे आजारी प्लांट बरे करत फिरणं हा माझा धंदा. बायको मला घाणीचा डॉक्टर म्हणते आणि कपडे दाराबाहेरच उतरवायला लावते. त्या संध्याकाळी तो शेवटचा प्लांट होता. पाणी गढूळ जातंय, एवढीच तक्रार. पाठ भरून आली होती. पटकन बघावं आणि घर गाठावं, दुसरं काही डोक्यात नव्हतं.

तिथे ऑपरेटरबाई एकटीच होती. नवरा कामावर असताना इथल्याच हवेच्या टाकीत पडून गेला, त्याच्या जागी हिला घेतलेलं. तळातून हवा सोडतात त्या टाकीत पट्टीचा पोहणाराही तरत नाही. बुडबुड्यांनी पाणी इतकं पोकळ होतं की माणूस सरळ तळाशी जातो. हे तिनेच सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

टाकीतलं पाणी काचेच्या भांड्यात घेऊन ठेवलं. गाळ खाली बसला, पण वर भुरकट कण तरंगतच राहिले. रोग ओळखीचा होता. घाण खाणारे जिवाणू हवेवर जगतात, पण हवा अति झाली की त्यांचे पुंजके फुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात.

"हवेचा ब्लोअर रात्रंदिवस पूर्ण का चालवता, बाई?"

तिने टाकीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "त्यांना पुरत नाही हो..."

मला वाटलं, जिवाणूंबद्दल बोलतेय.

"उद्याच्या तपासणीत पाणी असंच निघालं तर नोकरी जाईल तुमची. पोरं आहेत ना?"

"आहेत." तिने डोळे पुसले. "करा बंद. पण लगेच चालू करा हं..."

ब्लोअर थांबला आणि कानात दडे बसले. फेस विरला. ओल्या मातीचा वास जड होऊन अंगावर आला. पाण्यातली हवा मोजणारा मीटर टाकीत सोडून मी बघत उभा राहिलो. आकडा उतरायला हवा होता. तो उतरला, चढला. पुन्हा उतरला, पुन्हा चढला. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा. मीटर काढून पुसला, परत सोडला. तेच. मग हळूहळू चढणं कमी होत गेलं. बाई कठडा धरून त्याच लयीत श्वास घेत होती, आणि आता तिलाही धाप लागली.

"साहेब... पुरे."

"थांबा जरा. पाणी निवळतंय बघा." आणि ते खरंच निवळत होतं.

"नोकरी गेली तर जाऊ दे. मला त्यांना दुसऱ्यांदा नाही बुडवायचं."

तिनेच बटण दाबलं. पाणी उसळलं, आणि त्या घरघरीखालून, पार तळातून, कुणीतरी खोकलं. नाकातोंडात पाणी गेल्यावर खोकतात तसं. 

"हळू..." बाई वाकून पाण्याला म्हणाली. "घाई नका करू."

खोकला थांबला. आणि मग शेजारच्या टाकीतून दुसरा आला, बारीक आवाजाचा. ती टाकी नवी होती, तिच्यात कधी कुणी पडलं नव्हतं.

मी बाईकडे पाहिलं. ती कठडा सोडून मागे सरकली होती.

"साहेब," तिने मला विचारलं, "हे... हे कोण?"