आठव्या हाकेची ओ

सिस्टर मारियाला हसू आवरेना.

"आजी, मी अजून कोणालाच 'अहो' म्हटलेलं नाही. पहिल्यांदा म्हणायचं, तेही आजोबांना?"

"म्हण, म्हण. पुढे उपयोगी पडेल," हेमलता गुळवणी म्हणाल्या.

मारियाने घसा खाकरला आणि सराव म्हणून पलंगावर निपचित पडलेल्या दिगंबररावांच्या कानाशी वाकून म्हटलं, "अहो, ऐकलंत का?" इतकं मऊ, की हेमलताबाई चपापल्या. लग्नानंतरची काही वर्षं त्याही असंच म्हणत. पुढे त्याच शब्दांत गॅस, किल्ल्या, विजेचं बिल असं सगळं येऊन बसलं आणि आवाजाला धार आली. अलीकडे तर ती हाक ऐकली की दिगंबरराव कानातलं श्रवणयंत्र काढून खिशात ठेवायचे.

आता ते बेशुद्ध होते. छाती श्वासयंत्र हलवत होतं आणि डोक्यावर तारांची जाळीदार टोपी होती. तिला सगळे ओ-यंत्र म्हणत. घरच्या माणसाने हाक मारली तर निपचित माणसाचा मेंदू आतल्या आत ओ देतो का, हे ती मोजायची. एक हाक परक्याची, एक घरच्याची, अशा आठ जोड्या. त्याहून जास्त मेंदूला झेपत नाहीत. ओ सिद्ध झाली तर उपचार चालू. नाही झाली, तर श्वासयंत्र त्याच दिवशी रांगेतल्या दुसऱ्या रुग्णाकडे.

यंत्रावरचा डॉक्टर सारंग मगदूम सांगलीच्या कॉलेजात हेमलताबाईंकडे संख्याशास्त्र शिकला होता. पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या तक्त्यात एक बोट उभं आणि एक आडवं फिरवून निर्णायक मूल्य कसं शोधायचं, हे त्याला त्यांनीच दाखवलं होतं.

"बाई, सुरू करण्याआधी विचारावं लागतं," तो म्हणाला. "एक शेपूट की दोन?"

मोजण्या थोड्या असल्या की नुसत्या योगायोगाने किती फरक पडू शकतो ते दाखवणारा टी-वितरणाचा डोंगर दोन्ही अंगांना जाड शेपट्या सोडतो. योगायोगाने चुकण्याची मुभा शंभरात पाचाची. घरच्या हाकेला ओ जास्तच मिळणार अशी आधीच खात्री असेल, तर ते पाचही एका शेपटीत ठेवता येतात आणि ओ सिद्ध व्हायचा उंबरठा खाली येतो. खात्री नसेल तर अडीच-अडीच दोन्हीकडे वाटायचे. मग उंबरठा चढतो.

"बायका बहुतेक एकच सांगतात," सारंग म्हणाला. "आमचे हे माझंच जास्त ऐकणार, म्हणून."

हेमलताबाईंना खिशात जाणारं ते श्रवणयंत्र आठवलं.

"दोन," त्या म्हणाल्या. "परकीला जास्त ओ देतील, मला कमी. सांगता येत नाही."

"नक्की?"

"वर्गात कधी खोटं सांगितलं नाही. इथे कशाला सांगू?"

हाका सुरू झाल्या. प्रत्येक वेळी मारियाच्या हाकेला पडद्यावरची रेघ जेमतेम हलली आणि बाईंच्या हाकेला त्याहून थोडी वर गेली. सात वेळा तसंच. थोडीशीच, पण वर. आठवी हाक मात्र बाईंच्या तोंडून पूर्वीसारखी निघाली. हळू, जवळची.

रेघ उसळून पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली.

"आजी, बघा की," मारियाने टाळी वाजवली. "आजोबा ओरडलेच."

हेमलताबाईंनी मनात भागाकार मांडला. टी म्हणजे सरासरी फरकाला त्याच्या डगमगण्याने भागायचं. सात ओ एकसारख्या, आठवी अवाढव्य. सरासरी वाढली होती, पण डगमग तिच्याहून कितीतरी जास्त वाढली होती.

"टी दोन पूर्णांक अकरा," सारंग हळू आवाजात म्हणाला.

बाईंना तक्ता लागला नाही. आठातून एक वजा, स्वातंत्र्यांश सात. त्या ओळीत ओलांडायचा आकडा एका शेपटीला १.८९५. दोन शेपट्यांना २.३६५.

"योगायोगाने असं होण्याची संभाव्यता शंभरात सात," सारंग म्हणाला. "पाचाच्या आत हवी होती."

"आठवी गाळ. सातांवर केव्हाच पार होतंय."

"त्यांनी दिलेली सगळ्यात मोठी ओ गाळू, बाई?"

"मग एक शेपूट धर. माझी चूक झाली. ते माझंच ऐकत होते, तुला दिसतंय ना?"

सारंग उभा राहिला. "निकाल बघून शेपूट कापणाऱ्याला तुम्ही वर्गाबाहेर काढायचात. मी दोनदा गेलोय."

"तेव्हा तिथे माणूस नव्हता रे. एरंडाच्या बियांची वजनं होती."

"तक्ता तोच आहे," तो म्हणाला, आणि 'ओ नाही' असं नोंदवून त्याने टोपीच्या तारा सोडवायला घेतल्या. मारिया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

श्वासयंत्र न्यायला खालच्या मजल्यावरची माणसं ढकलगाडी घेऊन दारात आली. हेमलताबाई नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. 'अहो' ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. हाक मारली तर ते ओ देणार, हे त्यांना आता ठाऊक होतं. कदाचित आठवीहून मोठी. पण टोपी तर निघाली होती, ती ओ आता कुठेच उमटणार नव्हती. न मारावी, तर आत ते वाट बघत राहणार.

मारावी का?