दीड तासाची साक्ष

“आत्या, अख्ख्या गावाला ऐकवून मला चोर म्हणाला तो!” पित्सिउलाक चिखलाच्या बुटांनिशी आत घुसला.

उकालिकने त्याला बसवलं. बर्फाळ उत्तरेतल्या ग्रीझ फियॉर्ड गावच्या धावपट्टीवर पंचवीस वर्षं हवामानाची नोंद ठेवलेली ही बाई. गावात काही हरवलं की लोक तिच्याकडेच येत. पित्सिउलाक आता त्याच धावपट्टीवर माल चढवी.

काल त्याने वडिलांच्या शेवटच्या शिकारीचा, नारव्हाल देवमाशाचा चार हात लांब दात, पेटीत घालून कोरण्यासाठी विमानाने रेझोल्यूट गावाला धाडला होता. तिथे कारागिराने पेटी उघडली, तर आत दगड! आणि आज सकाळी वैमानिक मर्सरने गावच्या रेडिओवर सांगून टाकलं, की विम्याच्या लोभाने पित्सिउलाकनेच दगड भरले.

“नोकरी गेली तर जाऊ दे. पण बापाच्या शिकारीवर मी डल्ला मारीन?”

“विमानात मर्सरशिवाय कोण होतं?”

“कुणी नाही.”

“दात कुणी मागितला होता?”

“दक्षिणेतून आलेल्या एका शिडाच्या होडीवाल्याने. हाकलला मी त्याला. परवाच रेझोल्यूटच्या वाटेवरच्या डेव्हन बेटाकडे गेला.”

कोपऱ्यात उकालिकचा दीर जोआनासी सीलचं वाळलेलं मांस चघळत होता. “मी गेलो असतो पेटीबरोबर. ते विमान मला आवडतं. इथला दहाचा चहा पिऊन बसावं, उतरावं तर तिथला दहाचा चहा अजून गरमच!”

“भावजी, तुमचं पोट म्हणजे घड्याळ आहे,” म्हणत उकालिकने बूट चढवले. दोघे तिच्या मागोमाग निघाले.

मर्सर अजून रेडिओच्या खोलीतच होता.

“वाटेत कुठे उतरला होतास?” तिने विचारलं.

“कागद बघा, बाई. दहाला निघालो, साडेअकराला पोचलो. दोन्ही वेळा तुमच्याच माणसांनी आपापलं घड्याळ बघून लिहिल्यात. पावणेचारशे किलोमीटरला दीड तास लागतोच.”

“वारा होता?”

“छे! समुद्र आरशासारखा होता.”

“दीड तास बरोबर आहे की, वहिनी,” जोआनासी पुटपुटला.

“बरोबर दिसतोय, म्हणूनच सगळे फसले. तुमचा दुसरा चहा आठवा, भावजी! तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर मागे. इथून दहाला निघालेलं विमान तिथे साडेदहालाच उतरतं. हा उतरला साडेअकराला. म्हणजे अडीच तास! वारा नाही म्हणतोस, मग तासभर होतास कुठे रे? डेव्हनच्या किनाऱ्यावर, त्या होडीपाशी. होडीवाल्याचा संशय पोलिसांना वाटेतच सांगून आलेय मी. होडी फार लांब गेली नसेल.”

मर्सरने हातातले कागद खाली ठेवले. “दात... परत आणून देतो. कंपनीला गुपचूप कळवतो, गैरसमज झाला म्हणून.”

“गुपचूप?” पित्सिउलाक उसळला. “चोर म्हणालास तेव्हा घराघरात ऐकवलंस. माझ्या आईने ऐकलं ते!”

“वर्षानुवर्षं तुम्ही दक्षिणेतून येता,” उकालिक म्हणाली, “चोरी तुमची, आणि नाव आमच्या पोरांचं!”

तिने माईक चालू करून त्याच्यापुढे सरकवला.

“बोल. आणि आधी वाजले किती ते सांग. इथल्या घड्याळात.”